दोन हजार किलोमीटरचं तेल

त्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं.

'राहून गेलं' म्हणणं तसं सोयीचं असतं. जणू येताना काडेपेटी आणायची राहून गेली! खरं सांगायचं तर त्यानं उत्तर लिहिलं होतं. एकदा नव्हे, चौदा वेळा. टपालात मात्र एकही पडलं नाही. पत्र पाऊण पानाचं होतं, निळ्या शाईतलं, आणि त्याच्या शेवटी जो प्रश्न होता त्याला एका शब्दाचं उत्तर पुरलं असतं. 'याल का?' एवढाच प्रश्न. त्याला आता एकोणचाळीस वर्षं झाली.

तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता आणि छापखान्यात मुद्रितं तपासायचा. लाल पेन्सिल, ओल्या शाईचा वास आणि दिवसभर दुसऱ्यांच्या चुका. माणूस बुजरा. कुणी वेळ विचारली तरी आधी घड्याळ कानाला लावून ते चालू असल्याची खात्री करून घेणार, मग सांगणार. भाऊ-वहिनीकडे राहायचा. भावानं चारचाकी घेतली तेव्हा आपली जुनी मोटरसायकल त्याला देऊन टाकली. आणि पुस्तकांखेरीज पहिल्यांदाच त्याच्या मालकीची एक वस्तू झाली.

छापखाना एका चढावर होता. चढाच्या पायथ्याशी ऑइल आणि स्पेअर पार्टचं एक दुकान होतं. त्याच्यासमोरून तो रोज जायचा आणि रोज सरळ पुढं बघायचा.

त्या दुपारी मात्र गाडीनं त्याला तिथंच आणून सोडलं. अर्ध्या चढावर इंजिन जिवाच्या आकांतानं ओरडायला लागलं आणि गाडी जागची हलेना. मग तर ती हळूहळू मागंच यायला लागली. तो ब्रेक दाबत, पाय घासत, कसाबसा उतरत उतरत दुकानासमोर येऊन टेकला.

"उतरा आता," आतून आवाज आला. "ओरडून ओरडून दमली बिचारी."

गल्ल्यापाशी एक मुलगी उभी होती. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, खांद्यावर फडकं. दुकानदाराची भाची.

"तेल कधी बदललंत?" तिनं विचारलं.

"परवाच," तो जरा अभिमानानं म्हणाला. "सगळ्यात उत्तम घातलंय."

"कोणतं?"

"ते... सोनेरी डब्यातलं."

"सोनेरी? अहो, ते मोटारीचं! कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाही. मी वाचून घेतलं."

"काय वाचलंत?"

"डबा."

ती बघतच राहिली. आता सांगण्यावाचून सुटका नव्हती. "त्या दुकानात सहा डबे होते," तो म्हणाला. "सगळ्यांवरचा मजकूर वाचला. पाचांवर छपाईच्या चुका होत्या. एकावर तर पत्ताच दोनदा छापला होता. ह्या एकावर... एकही चूक नव्हती."

ती अशी हसली, अशी हसली की तिला गल्ल्याच्या फळकुटाचा आधार घ्यावा लागला. त्याला वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. आणि त्याच वेळी असंही वाटलं, की हे हसणं अजून थोडा वेळ चालावं.

"मामा, ऐकलंत का," ती आत बघून ओरडली, "ह्यांनी शुद्धलेखन बघून तेल घेतलंय!"

मग डोळे पुसत तिनं त्याला समजावलं. मोटारीचा क्लच कोरडा असतो. ह्या गाडीचा क्लच इंजिनाच्या तेलातच बुडून असतो. मोटारीच्या तेलात निसरडेपणा वाढवायला काहीबाही घातलेलं असतं. त्यात इंजिनाची चैन होते, पण क्लचच्या चकत्या एकमेकींना धरून ठेवू शकत नाहीत. नुसत्या घसरत राहतात.

"म्हणजे धरून ठेवायला थोडा खरखरीतपणा लागतो?"

"लागतो ना. अगदीच गुळगुळीत असलं की काही हाती लागत नाही." तिनं त्याच्या कडक इस्त्रीच्या सदऱ्याकडे बघितलं. "कशालाही लागू आहे ते."

ती गाडीशी उकिडवी बसली, खालचा नट सोडला, आणि नवंकोरं, सोन्यासारखं तेल पसरट भांड्यात वाया गेलं. तोवर तिनं दोन डबे उघडले आणि त्याला दोन्ही हात पुढं करायला लावले. डाव्या बोटावर एक थेंब ह्याचा, उजव्या बोटावर एक थेंब त्याचा.

"चोळून बघा. हे पातळ. हे दाट. तुमच्या गाडीला थंड करायला पाणी नाही. वारा आणि तेल, दोघंच तिचे. म्हणून तापल्यावर पाण्यासारखं होणारं तेल चालायचं नाही. शिवाय वय झालंय तिचं. फार पातळ घातलंत तर जिथून वाट मिळेल तिथून पाझरेल."

"मग कोणतं?"

"वीस-पन्नास. गार असताना विसासारखं वाहतं, तापलं की पन्नासासारखं दाट राहतं. साधं खनिज तेल, पण डब्यावर मोटरसायकलचं चित्र असलेलंच घ्यायचं. मजकूर नाही वाचलात तरी चालेल."

नरसाळ्यातून तेल ओतताना तिनं मनगटानं केस मागं सारले आणि गालावर एक काळी रेघ उमटली. दिवसभर लोकांच्या चुका दाखवणाऱ्या माणसानं ती दाखवली नाही. त्याच्या मते ती चूक नव्हतीच.

"तुम्ही करता काय?"

"छापखान्यात... छापायच्या आधी चुका शोधतो."

"म्हणजे चूकवाले!" ती म्हणाली, आणि तेव्हापासून तो चूकवालेच झाला.

निघताना त्यानं विचारलं, "आता पुन्हा... केव्हा यायचं?"

"दोन हजार किलोमीटर झाले की. उगाच आधी नको, तेल फुकट जातं."

घर ते छापखाना तीन किलोमीटर. जाऊन-येऊन सहा. त्यानं त्या दिवशी मुद्रिताच्या समासात हिशेब मांडला: दोन हजार व्हायला सुट्ट्या धरून वर्षाहून जास्त. समासातला तो आकडा तो बराच वेळ बघत बसला. मग खोडला. आणि संध्याकाळी घरी जायच्या ऐवजी त्यानं गाडी नदीच्या पुलाकडे वळवली.

तिथून पुढं तो रोज फिरायला लागला. पुलापर्यंत, पुलापलीकडे, नव्या वसाहतीच्या अर्धवट रस्त्यांवरून, पाण्याच्या टाकीला वळसा घालून. गुडघ्यांना इंजिनाची धग लागायची, कानांत वारा भरायचा आणि डोळे सतत वेगाच्या काट्याखालच्या आकड्यांवर. एक आकडा पुढं सरकला की तो एक किलोमीटर तिच्या जवळ.

"भाऊजी," एकदा वहिनी म्हणाली, "कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला दीड तास? पेरून आणलीत का?"

दोन महिन्यांत दोन हजार झाले.

"एवढ्यात?" ती गाडीचा काटा बघत म्हणाली. "छापखाना दुसऱ्या गावाला नेला की काय?"

"कामं... असतात इकडंतिकडं."

तिनं काढलेल्या तेलात बोट बुडवलं, उजेडात धरलं, चोळलं, हुंगलं. "लांबच्या रस्त्यावर चाललेली गाडी नाही ही. गावातल्या गावात फिरलेली आहे. थांबत-थांबत, गोल-गोल."

त्याचे कान तापले. "तेलावरून कळतं?"

"सगळं कळतं. गाडी कशी चालवली, कुठं चालवली..."

"आणि का चालवली?" हे त्याच्या तोंडून कसं निसटलं, त्यालाच कळलं नाही.

तिनं फडक्याला हात पुसले. एकेक बोट, सावकाश. "ते मात्र चालवणाऱ्यानं सांगायचं असतं, चूकवाले."

त्यानं मान डोलावली. नुसतीच.

आतून मामांचा आवाज आला, "बेबी, त्यांना विचार, तेल गाडी पिते की हे स्वतः पितात?"

त्या वर्षात सहा वेळा तेल बदललं गेलं. दर वेळी ती त्यातलं थोडं जुनं तेल एका छोट्या बाटलीत भरून ठेवायची. फळीवर बाटल्यांची रांग होती, मधाच्या रंगापासून डांबराच्या रंगापर्यंत. कुठल्या गाडीचं तेल किती दिवसांत का काळं पडतं, ह्याची तिची एक वही होती. ती परीक्षेचा अभ्यास करत होती. तो तिला छापखान्यातून कोऱ्या पाठीचे कागद आणून द्यायचा. कधी तिच्या वहीतल्या चुका लाल पेन्सिलीनं दुरुस्त करायचा. "तेलाच्या चुका मी काढते, शब्दांच्या तुम्ही काढा," ती म्हणायची, "मग आपल्या दोघांचा मिळून एक शहाणा माणूस होईल." ह्या वाक्यावर तो घरी जाईपर्यंत अकरा किलोमीटर जास्त फिरला.

सहाव्या वेळी तिनं नट घट्ट केला आणि खालूनच, गाडीआडूनच म्हणाली, "मला नोकरी लागली."

"वा!"

"तेल तपासायच्या प्रयोगशाळेत. दुसऱ्या गावी."

"...अच्छा."

"अच्छा?" ती उठून उभी राहिली. "मामा म्हणतात जा. आई म्हणते जा. तुम्ही काय म्हणता?"

त्याच्या मनात एक वाक्य तयार होतं. कित्येक किलोमीटर घोळवलेलं. पण ते ओठांवर येईपर्यंत त्याला त्यात तीन दोष दिसले. त्यानं मान डोलावली.

"ही मान कुठल्या बाजूची समजायची?"

"जायला... हवं," तो म्हणाला. "तुमच्यासारखं तेल कुणाला कळतं?"

वाक्य खरं होतं. फक्त त्याला म्हणायचं होतं ते हे नव्हतं. ती किती तरी वेळ हात पुसत राहिली, आधीच स्वच्छ झालेले हात.

तीन आठवड्यांनी छापखान्याच्या पत्त्यावर पत्र आलं.

'चूकवाले,' तिनं लिहिलं होतं, 'इथं सगळं काचेच्या नळ्यांत असतं. कुणाची गाडी, कोण चालवतो, काही कळत नाही. बाटलीवर नुसता आकडा. परवा एक नमुना आला तो गोल-गोल फिरलेल्या गाडीचा वाटला आणि मी उगाच हसले, तर शेजारचे दचकले. तुमच्या गाडीला वीस-पन्नासच घाला, कुणी काही म्हणो. आता हिशेब सांगते, नीट वाचा. इथून तिथं अडीचशे किलोमीटर. येऊन-जाऊन पाचशे. चार वेळा आलात की दोन हजार होतात. तेव्हा तेल मी बदलून देईन. दुकानासमोरून संध्याकाळी तीनतीनदा जाणारी गाडी आवाजावरून ओळखू येते, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. ते आत्ता सांगते. रस्ता चांगला आहे. याल का?'

त्यानं पहिलं उत्तर लिहिलं ते चार पानांचं होतं. दुसऱ्या दिवशी वाचलं तर शब्दाशब्दाला लाज वाटली. लाल पेन्सिल घेतली. विशेषणं काढली. मग उपमा काढल्या. 'मला वाटतं' काढलं, कारण आपल्याला काय वाटतं ह्याची खात्री कुणाला असते? 'कायम' हा शब्द काढला. तो फार मोठा वाटला. बाराव्या खेपेला पत्र सात ओळींवर आलं, तेराव्या खेपेला दोन. चौदाव्या खेपेला एकच वाक्य उरलं: 'तुमचं पत्र मिळालं.' त्यावर त्यानं विचार केला, टपालात टाकलेलं पत्र मिळणारच, त्यात सांगण्यासारखं काय? तेही खोडलं.

आयुष्यात त्याच्या हातून इतकं निर्दोष काम दुसरं झालं नाही. एक पूर्ण कोरा कागद.

आज लिहू, उद्या लिहू, चांगलं सुचलं की लिहू, असं करत दीड वर्ष गेलं. एकदा तेल घ्यायला गेला तेव्हा मामा म्हणाले, "बेबीचं ठरलं. तिथंच, तिच्या कचेरीतला आहे मुलगा." त्यानं अभिनंदन केलं. डबा घेतला. वीस-पन्नास. चढावर क्लच व्यवस्थित धरत होता. गाडीची काही तक्रार नव्हती. तरी तो मधेच थांबला आणि बराच वेळ रस्त्याच्या कडेला उभा राहिला.

मग वर्षं गेली. छापखाना बंद पडला, त्यानं लग्न केलं नाही, वहिनीनं आधी स्थळं आणली, मग नुसते टोमणे मारले, मग तेही सोडलं. गाडी मात्र त्यानं चालती ठेवली. तेल स्वतः बदलायला शिकला. तेच तेल, तोच डबा, मामांच्याच दुकानातून.

ह्या महिन्यात दुकानात गेला तर गल्ल्यावर बसलेला मामांचा मुलगा डोक्यावरचं टक्कल खाजवत म्हणाला, "काका, तो डबा यायचा बंद झाला. कंपनीनंच बंद केला. हे बघा, आता हे तीन आहेत." त्यानं तीन डबे पुढं ठेवले. "हे सिंथेटिक, एकदम पातळ, नव्या गाड्यांचं. हे अर्धं-अर्धं. आणि हे खनिज, पण दुसऱ्या कंपनीचं."

त्यानं चष्मा लावला आणि तिन्ही डबे वाचले. पुन्हा वाचले. तो सहासष्ट वर्षांचा झाला होता आणि त्याला ठरवता येत नव्हतं.

"थांबा," मामांचा मुलगा म्हणाला, "ताईलाच विचारतो. तेलाचं अडलं की आम्ही तिलाच फोन लावतो. यजमान गेल्यापासून ती बोलायला कुणी तरी शोधतच असते."

"नको, नको—" तो म्हणाला. पण फोन लागला होता, आणि स्पीकरवर होता.

"ताई, जुनी गाडी आहे, वाऱ्यावर थंड होणारी. आपला नेहमीचा डबा बंद झालाय. काय देऊ?"

"कुणाची गाडी?" आवाज जाड झाला होता. पण त्यातलं ते शेवटी वर चढणारं वळण... तेच.

"ते आपल्या चढावरच्या छापखान्यातले काका. मुद्रितं तपासायचे ते."

रस्त्यावरून एक ट्रक गेला. त्यानं फळकुटाची कड दोन्ही हातांनी धरली.

"खनिज दे," ती म्हणाली. "कंपनी कुठलीही असू दे, वीस-पन्नास असलं आणि मोटरसायकलचं असलं की झालं. पातळ देऊ नकोस, जुनी आहे, पाझरेल." मग जरा थांबून, "गाडी चालते का, विचार."

मामांच्या मुलानं त्याच्याकडे बघितलं. त्यानं मान डोलावली.

"मान डोलावतायत."

"अजून?" ती म्हणाली, आणि हसली. ते हसणं फळकुटाचा आधार लागण्याइतकं मोठं नव्हतं. शेवटी शेवटी तर ते हसणं राहिलंच नव्हतं. "बरं. ठेवते."

दुकानात डब्यांचा, रबराचा, ग्रीसचा वास होता. मामांचा मुलगा डबा कागदात गुंडाळत म्हणाला, "नंबर देऊ का तिचा? तेलाचं काही विचारायचं असलं तर थेट विचारा."

"नंबर नको," तो म्हणाला. घसा खाकरला. "पत्ता द्या."

"पत्ता? आता पत्र कोण लिहितं, काका?"

"मी."

घरी येऊन त्यानं टेबलावरची सगळी पुस्तकं खाली ठेवली. लाल पेन्सिल बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवली आणि दार लावून घेतलं. मग लिहायला बसला. दुपारच्या उजेडात, एका बैठकीत, मागं वळून न वाचता.

'तुम्ही विचारलं होतं, याल का. हो. तेव्हाही हो होतं. एका शब्दात ते पुरेसं वाटेना म्हणून चार पानं लिहिली, आणि चार पानं चांगली होईनात म्हणून काहीच पाठवलं नाही. मला वाटायचं, चूक नसलेलं पत्र पाठवावं. तुम्ही वाट बघत असाल ही गोष्ट मी हिशेबातच धरली नाही. गोल-गोल फेऱ्या का मारायचो, ते चालवणाऱ्यानं सांगायचं असतं, असं तुम्ही म्हणाला होतात. तुमच्यासाठी. तुमच्या दुकानाशी लवकर यायला मिळावं म्हणून. हे मान डोलावून सांगण्यासारखं नव्हतं, मी तसं सांगितलं. तुमचं आयुष्य तुम्ही नीट जगलात, ह्याचा मला आनंद आहे. त्यात मी नव्हतो ह्याचं दुःख आहे. दोन्ही खरं आहे. आता येऊ का, हे विचारायचा हक्क मला आहे की नाही, कळत नाही. तरी विचारतो. गाडी चाळीसच्या वर नेत नाही. वाटेत दोनदा थांबेन, गाडीसाठी नव्हे, गुडघ्यांसाठी. नको म्हणालात तरी चालेल. पण ह्या वेळी प्रश्न माझा आहे, आणि उत्तर देणं तुमच्याकडे.'

खाली सही करताना तो थबकला आणि मग त्यानं 'चूकवाले' असं लिहिलं.

सकाळी तो टपालपेटीपाशी गेला. पाकीट अर्धं आत सरकवलं, आणि तिथंच त्याला पत्रातली एक ओळ आठवली. 'हिशेबातच धरली नाही' हे जरा कोरडं झालं का? आणि ते गुडघ्यांचं... ते हवंच होतं का? आणखी एकदा वाचून बघितलं तर? एक दिवस उशीर झाला तर काय होणार आहे? त्याची बोटं पाकिटाच्या कडेला चिकटून राहिली.

"काका," मागून कुणी तरी म्हणालं. पोस्टमन सायकल टेकवून, किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन उभा होता. "पेटी उघडायचीय. टाकताय का काढताय?"

त्यानं वळून बघितलं. मान डोलावली नाही.

"टाकतोय," तो म्हणाला, आणि बोटं सोडली.